चाळिसावा गुण

हॅगरशॉ गावात एक अख्खा हिवाळा एकच कुजबुज चालली होती. ग्वेन सेगरनं नॉरिस एंटविसलचं नाव शर्यतीच्या निकालावरून स्वतःच्या हातानं खोडलं, आणि का, तर त्यानं तिला लग्नाला नकार दिला म्हणून.

ही बातमी फोडली फ्लोरी डकवर्थनं. सायकलच्या शर्यती असल्या की गावच्या सभागृहात चहाची खिडकी फ्लोरीच्या ताब्यात असे. त्या खिडकीतून चहा बाहेर जायचा आणि बातम्या आत यायच्या. बातम्या परत बाहेर पडत तेव्हा त्यांत साखर जरा सढळ हातानं पडलेली असायची. "माझ्या या डोळ्यांनी पाहिलं," ती भेटेल त्याला सांगे. "तो तिच्या टेबलापाशी वाकला. कानात बोलावं तसं काहीतरी बोलला. तिचा चेहरा असा पांढराफटक! अन् मग घेतलं पेन, मारली काट."

तिनं पाहिलं ते खरंच होतं. बाकीचं तिनं घरी जाता जाता जुळवलं.

नॉरिस त्या वेळी चोपन्न वर्षांचा होता. गावातल्या सपातांच्या कारखान्यात तो तळवे कापायचा. घरात घालायच्या त्या मऊ सपाता, त्यांचे तळवे. दिवसाला बाराशे. उंच, हडकुळा, बोलायला कंजूष. कोणी थट्टा केली तर आधी थट्टा पूर्ण ऐकून घ्यायचा, मग दोन घास खाऊन झाल्यावर उत्तर द्यायचा. तोवर थट्टा करणारा निघून गेलेला असे. रविवारी मात्र हाच माणूस काळी तंग चड्डी घालून पन्नास-साठ जणांच्या घोळक्यात ताशी पंचवीस मैलांनी सायकल हाणत असायचा.

आमच्याकडे हौशी सायकलवाल्यांचे चार वर्ग असतात. नवा माणूस चौथ्यात. शर्यतीत पहिल्या दहांत आलं की गुण मिळतात, पहिल्याला दहा, दहाव्याला एक. बारा गुण झाले की तिसरा वर्ग, आणि तो जन्मभराचा; कोणी काढून घेत नाही. दुसऱ्या वर्गाला मात्र चाळीस लागतात, आणि तेही एका वर्षाच्या आत. एकतीस डिसेंबर उलटला की पाटी कोरी.

नॉरिस पंचविसाव्या वर्षी तिसऱ्यात गेला आणि तिथंच राहिला. एका वर्षी छत्तीसपर्यंत पोचला, तर सप्टेंबरात गळपट्टीचं हाड मोडून बसला. एका वर्षी तेहतीस झाले आणि धुक्यामुळे शेवटच्या दोन शर्यतीच रद्द झाल्या. "एकोणतीस वर्षं तिसरीत!" फ्लोरी म्हणायची. "मास्तर मेले, शाळा पडली, हा बाकावर आहे तिथंच."

त्याला स्वतःला वर्गाचं एवढं काही नव्हतं. अडचण होती ती त्याच्या घराच्या जागेची.

दर वर्षी मे महिन्यात हॅगरच्या माळावरची शर्यत व्हायची. नव्वद मैल, माळाला तीन वेढे, आणि भाग घ्यायला किमान दुसरा वर्ग. तिचा रस्ता नॉरिसच्या फाटकाला अगदी घासून जायचा. फाटकासमोर वाकडं वळण. तिथं पिवळं जाकीट घालून, झेंडा घेऊन कोणीतरी उभं राहणं भाग होतं; आणि ज्याच्या दारात वळण त्याच्याच हातात झेंडा, हे कोणी न सांगताच ठरून गेलं. सव्वीस वर्षं तो उभा राहिला. घोळका इतका जवळून जायचा की त्या वाऱ्यानं जाकीट अंगाला चिकटायचं. पहिला वेढा, दुसरा, तिसरा. मग तो झेंडा गुंडाळून आत जायचा आणि त्याची बायको मेव्हिस किटली चुलीवर ठेवायची.

"एक वर्ष झेंडा मी धरीन," मेव्हिस म्हणायची. "तू समोरून जा. मला बघायचंय, आपल्या दारात तू वळण नीट घेतोस की कुंपणात शिरतोस."

"कुंपणात शिरलो तर?"

"तर गुलाबाची रोपं तू लावून देशील परत."

मेव्हिस शर्यतीत उतरत नव्हती, पण तिच्याशिवाय शर्यत पुरी होत नव्हती. ग्वेन सेगर ही आमच्या भागातली पंच. शेवटच्या रेषेवर टेबल टाकून ती बसायची आणि मेव्हिस तिच्या शेजारी दुधाच्या बाटल्यांचा क्रेट उलटा घालून त्यावर उभी राहायची. घोळका रेषेवर आला की मेव्हिस नंबर पुकारायची, ग्वेन लिहायची. पाच-सहा सेकंदांत वीस माणसं. ग्वेनला नंबर दिसावे लागत. मेव्हिसला लागत नसत. ती पोटऱ्यांवरून ओळखायची, मान टाकायच्या तऱ्हेवरून, खांदे हलवण्यावरून. कोणाचा नंबर फाटला, चिखलानं माखला, तरी ती बिनचूक पुकारायची. एकवीस वर्षांत त्या दोघींच्या यादीवर एकदाही तक्रार आली नाही. नवऱ्याचा नंबरही ती इतरांसारखाच पुकारायची. तो बारावा असला तर बारावा, आवाजात ओळख नाही की दया नाही.

एका फेब्रुवारीत मेव्हिस गेली. आजार कळला आणि चार आठवड्यांत सगळं आटोपलं.

नंबर म्हणजे काय, एक कापडी चौकोन. तो पाठीवर, कमरेच्या जरा वर, ज्या बाजूला पंच बसणार त्या बाजूला चार सेफ्टी पिनांनी लावायचा. स्वतःचा स्वतःला लावता येत नाही. त्या वसंतातल्या पहिल्या शर्यतीला नॉरिस सभागृहात आला, नंबर हातात, पिना दातांत, आणि तसाच उभा राहिला. आजूबाजूला सगळे एकमेकांच्या पाठी टोचत होते. कोणालाही सांगितलं असतं तर लावून दिला असता. त्यानं सांगितलं नाही.

ग्वेन टेबलामागून उठून आली. "वळ," ती म्हणाली.

तो वळला. तिनं चार पिना लावल्या, कापड तळहातानं सपाट केलं आणि परत जाऊन बसली.

खिडकीतून आवाज आला, "काय गं ग्वेन, पंचानं गड्याच्या पाठीला हात लावलेला नियमात बसतो का?"

"तू चहा ओत, फ्लोरी."

"ओततेय की. नजर मोकळी आहे माझी."

तेव्हापासून दर रविवारी हेच. तो यायचा, ती म्हणायची "वळ", तो वळायचा. यापलीकडे दोघांत काही बोलणं व्हायचं नाही. पण गावाला एवढं बी पुरलं. ग्वेन कधी लग्न न केलेली, नॉरिस विधुर, दोघांची घरं एकाच चढावर. फ्लोरीनं तर लग्नातल्या केकला किती अंडी लागतील याचाही हिशेब केला होता.

पुढच्या जानेवारीत क्लबाच्या सभेत ठरलं की माळावरची शर्यत बंद करायची. खाणीचे ट्रक त्या रस्त्यानं जायला लागले होते, जबाबदारी कोणी घेईना. हा मे आणि पुढचा मे. पुढच्या मेला शेवटची.

नॉरिस मागच्या रांगेत बसला होता. सभा संपल्यावर त्यानं खुर्च्या रचायला मदत केली, घरी गेला, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी अंधारातच सायकल काढली.

त्या वर्षी तो जे काही करत होता ते बघण्यासारखं होतं, आणि बघवत नव्हतंही. चोपन्नाव्या वर्षी अंगात शेवटची झेप उरत नाही. पहिला-दुसरा येणं त्याच्या नशिबात नव्हतं. तो सातवा यायचा, आठवा यायचा. चार गुण, तीन गुण, दोन. दगडावरून शेवाळ खरवडावं तसे गुण खरवडत होता. पावसात गेला, गारांत गेला. ऑगस्टात एकदा चौथा आला आणि रेषेपलीकडे गवतावर जाऊन ओकला. ग्वेननं त्याला पाण्याची बाटली नेऊन दिली. फ्लोरीनं तेही टिपून ठेवलं.

सप्टेंबर संपला तेव्हा एकोणचाळीस झाले होते. उरली होती ऑक्टोबरातली एकच शर्यत, जलाशयाभोवतीची. पहिल्या दहांत कुठंही आला असता तरी चाललं असतं.

त्या दिवशी पाऊस सकाळपासून लागला होता. रस्त्याच्या डाव्या कडेला पाणी साचलेलं, म्हणून ग्वेननं टेबल उजवीकडे टाकलं आणि सभागृहात येऊन ओरडून सांगितलं, "नंबर आज उजव्या बाजूला! सगळ्यांनी!" शिव्या देत सगळ्यांनी पिना उपटल्या आणि पुन्हा लावल्या. नॉरिसचा चौतीस नंबर ग्वेननंच उजवीकडे लावला.

टेबलाशेजारी उलटा क्रेट होताच. मेव्हिस गेल्यावरही ग्वेन तो गाडीतून आणायची. हल्ली त्यावर टेपरेकॉर्डर असायचा. ती नंबर टेपमध्ये बोलायची, मग ऐकून लिहायची. एकटीला हे झेपत नाही, असं पंच नेमणाऱ्या वरच्या समितीत वर्षभर बोललं जात होतं. तिच्या जागी दुसरं कोणी बघावं, असंही.

ट्रेव्हर क्रॅबट्री नेहमीप्रमाणे उशिरा आला. प्लंबर होता, तिशीतला, गाडीत पाइप खडखडत घेऊन फिरणारा. नंबर त्यानं गेल्या आठवड्यासारखाच डावीकडे, बायकोकडून घरीच लावून आणलेला. सभागृहात न शिरता तो थेट सुरुवातीच्या रेषेवर नॉरिसच्या शेजारी येऊन थांबला.

"काय आजोबा, काठी घरी विसरलात?"

नॉरिसनं हातमोजा नीट केला, पाऊस बघितला. शिट्टी व्हायला आली तेव्हा म्हणाला, "तुझ्यामागं रेंगाळायचं असलं की आणतो."

ट्रेव्हर हसला. माणूस वाईट नव्हता, तोंडाचा फाटका होता एवढंच.

शर्यतीचं फार सांगण्यासारखं काही नाही. नऊ जण शेवटून दुसऱ्या फेरीत निसटले आणि हाताला लागले नाहीत. त्यांच्यामागच्या घोळक्यात नॉरिस होता. दहावी जागा एकच उरलेली, आणि घोळक्यात चाळीस माणसं. शेवटच्या चढावर त्यानं उजवी कड धरली आणि मान खाली घालून सुटला. रेषेला शंभर यार्ड असताना त्याच्या पुढं कोणी नव्हतं. पन्नासवर असताना डाव्या बाजूला दुसऱ्या कोणाचा तरी श्वास ऐकू आला. मग हँडल. मग एक पिवळ्या कडेचं टायर, पुढं सरकणारं. रेषा चाकाखालून गेली तेव्हा ते टायर त्याच्या टायरपेक्षा अर्धं चाक पुढं होतं.

ट्रेव्हरनं मागं वळूनही पाहिलं नाही. कोणाच्या तरी घरी बॉयलर फुटला होता. तो तसाच गाडीपाशी गेला, सायकल पाइपांवर टाकली आणि निघून गेला.

नॉरिस सभागृहात येऊन कोपऱ्यात बसला. अकरावा. संपलं. त्याला तसं वाईटही वाटत नव्हतं. फ्लोरीनं चहा आणून ठेवला, खिडकी सोडून, स्वतः. एवढी दया तिला क्वचित यायची.

तीन वाजून दहा मिनिटांनी ग्वेननं निकालाची यादी भिंतीला लावली. दहावा: चौतीस, एंटविसल.

कोणीतरी आरोळी ठोकली. मग सगळं सभागृह उठलं. ओल्या मोज्यांचे, चिखलाच्या तोंडांचे पन्नास लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते. क्लबाचा सेक्रेटरी खुर्चीवर चढून म्हणाला, "अरे, मग मेमध्ये याच्या दारातला झेंडा कोण धरणार?"

"मी धरते," फ्लोरी ओरडली. "अन् हा कुंपणात शिरला की सगळ्या गावाला सांगते!"

हशा झाला. तिनं आल्याच्या केकचा हा एवढा तुकडा त्याच्या बशीत ठेवला. नॉरिसनं तो हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

यादी लागल्यावर पंधरा मिनिटं तक्रारीची. ती टळली की यादी कायम, मग देव आला तरी बदलत नाही. खिडकीवरच्या घड्याळात तीन वाजून तेरा झाले. ट्रेव्हर कुठल्या तरी घरात गुडघ्यावर बसून बॉयलर उघडत असेल. त्याचे वर्षभराचे गुण होते तीन; चौथ्याचं त्याला काय सोनं होतं? त्याला आपण दहावा आलो हे ठाऊकही नव्हतं. कोणाचं काही जात नव्हतं. सतरा झाले. फाटकासमोरचं वळण डोळ्यांपुढं येत होतं, पण आतून नाही, सायकलवरून. कुंपण डावीकडे, गुलाबाची छाटलेली रोपं, उघडं दार. वीस झाले. लोक आता आपापल्या गप्पांत होते.

त्याची नजर ग्वेनच्या टेबलाकडे गेली. ती टेपरेकॉर्डर पिशवीत भरत होती. क्रेट रिकामा होता.

तीन चोवीसला तो उठला आणि तिच्या टेबलावर वाकला.

"ग्वेन, दहावा ट्रेव्हर आहे."

"कोण, क्रॅबट्री?"

"बावन्न नंबर. माझ्या पलीकडं होता. अर्धं चाक पुढं."

"मला चौतीस दिसला. मी चौतीस लिहिला."

"त्याचा नंबर डावीकडं होता. उजवीकडं मी होतो. मी त्याला झाकला."

ग्वेननं घड्याळाकडे पाहिलं. "अर्ध्या मिनिटाचा प्रश्न आहे, नॉरिस. जा, केक खा. कोणाची तक्रार आलेली नाही."

"माझी आहे."

"कोणाविरुद्ध?"

"चौतीसविरुद्ध."

तिनं टेपरेकॉर्डरची पिशवी बाजूला सारली. मग अगदी हळू म्हणाली, "मेमधली ती शेवटची शर्यत आहे. कळतंय ना तुला, काय खोडायला सांगतोयस?"

"कळतंय."

"पलीकडं एक हेल्मेट दिसलं होतं मला. पण हेल्मेटवर नंबर नसतो. मी म्हटलं, भास असेल. म्हटलं, असू दे भास."

"मेव्हिस असती तर तिनं बावन्न पुकारला असता," नॉरिस म्हणाला.

ग्वेनच्या तोंडावरचं रक्त उतरलं ते तेव्हा. तिनं पेन घेतलं, भिंतीपाशी गेली, चौतीसवर काट मारली आणि वर बावन्न लिहिलं. लोक यादीभोवती जमले. ती टेबलाशी परत आली तेव्हा तो म्हणाला, "चूक कशी झाली ते वर कळवू नकोस. पंचानं फेरतपासणी केली, एवढंच लिही." मग केकचा तुकडा रुमालात बांधून तो बाहेर पावसात गेला.

खिडकीतून फ्लोरीनं जे पाहिलं ते हे. ऐकू मात्र एक अक्षरही आलं नाही, आणि तिला त्याची गरजही नव्हती. आठवड्याभरात सगळ्या खोऱ्याला माहीत झालं की ग्वेननं सूड उगवला. लोकांना पटलं, कारण ट्रेव्हर सभागृहात आलाच नव्हता. न आलेल्या माणसाला गुण देऊन बिचाऱ्या नॉरिसचा काढला म्हणजे बघा! ट्रेव्हरला पोस्टानं कळलं तेव्हा तो म्हणाला, "एक गुण? याचं काय लोणचं घालू?" त्यालाच जर नक्की ठाऊक नव्हतं तर इतरांनी कोणाला विचारायचं?

कारखान्यात नॉरिसला लोक "नवरदेव" म्हणायला लागले. तो तळवे कापत राहायचा. एकदा तोंड उघडलं असतं तर सगळं मिटलं असतं, पण मग ग्वेनला नंबर दिसला नाही हेही सांगावं लागलं असतं. नाताळात फ्लोरीनं ग्वेनला भर दुकानात गाठलं. "खरं सांग बाई, विचारलं होतंस ना त्याला?"

"हो, विचारलं होतं," ग्वेन म्हणाली आणि बटाट्यांची पिशवी उचलून चालती झाली. नाही म्हणावं, तर 'मग खोडलंस का?' हे पुढं आलंच असतं. त्यानंतर अफवा उरली नाही, इतिहास झाला.

मेमध्ये शेवटची शर्यत झाली. दिवस कोरडा होता, वारा माळावरून थेट खाली येत होता. नॉरिस पिवळं जाकीट घालून फाटकासमोर उभा राहिला. घोळका तीनदा गेला. तिसऱ्या वेढ्याला सगळे गेल्यावर सात मिनिटांनी एक मागं पडलेला, पायांत गोळे आलेला गडी आला. नॉरिसनं त्यालाही झेंडा दाखवला, त्याच उंचीवर. शेवटी पंचांची गाडी आली. ग्वेन गाडी चालवत होती. तिनं वेग कमी केला, काच खाली केली, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि ती पुढं गेली, कारण रेषेवर लिहिलेली यादी तिला भिंतीला लावायची होती. नॉरिसनं झेंडा गुंडाळला आणि आत जाऊन किटली ठेवली.

फ्लोरी आजही तिची गोष्ट सांगते, आणि छान सांगते. पण ग्वेननं नॉरिसला लग्नाचं कधीच विचारलं नव्हतं. त्या शर्यतीत तो अकरावा आला होता, आणि ते त्यानं स्वतः जाऊन सांगितलं.